आधी गार, मग कढत

यातलं काहीही रचलेलं नाही.

पटणार नसेल त्यांनी पुढे वाचू नये. वाचलंत तर निदान घरात तान्हं मूल असताना मोठ्यानं वाचू नका, एवढंच सांगणं.

साल एकोणीसशे चोवीस. महिना पौष. जागा भिवपुरी, डोंगराच्या अगदी पोटाशी. तिथलं वीजघर सुरू होऊन फार काळ लोटला नव्हता. नोकरीला आलेली माणसं मिळेल त्या घरात बिऱ्हाड थाटून राहत होती. आबाजी चौबळ त्यांतलेच एक. गावाबाहेर, उताराला पाठ टेकून उभं असलेलं एक कौलारू घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं.

आणि वेळ? रात्रीची नव्हे.

सकाळची. न्हाणीघराच्या झरोक्यातून कोवळं ऊन आत उतरतं, तेव्हाची.

आबाजींची बायको द्वारका. पुण्याला कॉलेजात शिकलेली. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. पण तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि हे दुसरं अजून दोन महिन्यांचंही नव्हतं. अच्युत. तो झोपला की दर थोड्या वेळानं ती पाळण्यापाशी जाई आणि त्याच्या नाकाखाली बोट धरी. श्वास लागला की परत कामाला. आबाजी थट्टा करत. म्हणत, पोरगं एक दिवस ते बोट चावेल.

घरात खटकत होती ती एकच गोष्ट. न्हाणीघर.

तांब्याचा बंब तिथेच पेटायचा. धूर कोंडायचा, बाळ खोकून खोकून लाल व्हायचं. भिंतीबाहेरच्या ठेंगण्या टाकीतून नळ आत आणलेला होता, पण त्याला धार करंगळीएवढी. घंगाळ भरेपर्यंत आधी ओतलेलं कढत पाणी निवून जायचं. उघडं बाळ काकडत पायावर पडलेलं, आणि नळ आपला गळतोय ठिबक ठिबक. द्वारकेनं नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं. हे बदला. माझ्या बाळाला गारठा बाधेल.

तिनंच सांगितलं होतं. हे तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

आबाजींना असल्या कामांची हौस दांडगी. टाकी त्यांनी उतारावर चढवली, झऱ्यापाशी, दगडी चौथऱ्यावर. तिथून जाड नळी खाली आणली. बंब न्हाणीघरातून उचलून मागच्या लाकडाच्या पडवीत नेला. टाकीचं पाणी बंबात खालून शिरायचं आणि तापलेलं पाणी वरच्या नळीनं, मागच्या भिंतीला धरून, लांबवर न्हाणीघरात यायचं. धूर बाहेरच्या बाहेर.

पहिल्यांदा नळ उघडला तेव्हा अशी धार सुटली की घंगाळ जागचं हललं.

बाळाला न्हाऊ घालायला गावातली बायजा यायची. हातभर हिरव्या बांगड्या, आवाज खणखणीत. ती दारातून मागे सरली नि म्हणाली, "सायेब, ह्यो नळ हाय का सुटल्याला बैल?"

सगळे हसले.

नळी लांब, म्हणून पहिलं पाणी गार यायचं. ते संपलं की कढत. द्वारका म्हणाली, गार आहे ते जाऊ दे मोरीत. बायजाला ती उधळपट्टी बघवेना.

"वाया कशापायी घालवायचं, वैनी? आदी गार आलं, त्यावर कढत पडलं. कोमट पानी तयार. माजा हात बी लागला नाय."

खरंच सोय झाली होती. बंबातलं कढत काढा, त्यात गार घालून विसण करा, हात भाजून घ्या, हे सगळं संपलं. बायजा घंगाळ नळाखाली सरकवायची, पाय लांब करून पाटावर बसायची, आणि बाळाला पायांवर घ्यायची.

त्या पहिल्या सकाळी द्वारका स्वयंपाकघरात होती. नळाचा आवाज ऐकला. तांब्याचा ऐकला. बायजाच्या बांगड्या ऐकल्या.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

बाळ रडत नव्हतं.

अच्युत अंघोळीला आकांत मांडायचा. गावाबाहेर ऐकू जाईल असा. आज हूं की चूं नाही. ती हातातलं टाकून धावली. बाळ बायजाच्या पायांवर पालथं होतं, डोळे उघडे. पाणी अंगावरून वाहत होतं. ते नुसतं पडून होतं.

"श्यानं झालं माजं बाळ," बायजा म्हणाली. "धूर नाय, गारठा नाय. कशाला रडंल?"

पटण्यासारखं होतं. द्वारकेनं पटवून घेतलं.

शेगडीवर ओव्याची धुरी दिली, शेक दिला, दुपट्यात घट्ट गुंडाळलं. एरवी न्हालेलं बाळ टवटवीत गुलाबी दिसायचं. आज रंग चढेना. तळपाय हातात धरले तर गार. शेगडीजवळ धरून ठेवले तरी गारच.

पुढच्या सकाळीही तसंच. त्याच्या पुढच्याही.

बाळ शांत होत चाललं होतं. शेजारपाजारच्या बायका कौतुक करत, किती गुणाचं आहे. आबाजी खूश, रात्रीची झोप मिळते म्हणून. एकटी द्वारका पाळण्याशी उभी राहायची, नाकाखाली बोट धरून.

श्वास लागायचा. पण उशिरानं.

एके दिवशी अंघोळ आटोपली होती. बायजा मागच्या दारी वाळवण घालत होती. बाळ द्वारकेच्या मांडीवर. घरात तिसरं कोणी नाही.

आणि न्हाणीघरातून...

तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला.

एक तांब्या. मग थांबून दुसरा. सावकाश, न सांडता. कुणी काळजीपूर्वक घालावा तसा. बांगडी वाजत नव्हती.

तिनं बसल्या जागेवरून हाक मारली. बायजानं मागच्या दारातून ओ दिली.

न्हाणीघरात कोणी नव्हतं. नळ बंद होता. तांब्या घंगाळावर पालथा घातलेला. त्याच्या काठावरून एक थेंब ओघळला, तो मात्र तिनं पाहिला.

त्याच दुपारी बाळानं दुधाची गुठळी ओकली. पुसायला गेली तर गुठळीत काहीतरी हिरवं.

तुळशीचं पान.

संबंध, न चावलेलं, नुकतं खुडल्यासारखं.

अंगणात तुळस होती. पण दोन महिन्यांच्या मुलाच्या तोंडात पान घालील कोण? बायजाला विचारलं. ती चरकली. म्हणाली, घोटभर गुटीसुद्धा मी तुमाला इचारून देते, पान कसं घालीन? गळ्यात अडकंल पोराच्या. आबाजींना सांगितलं. ते म्हणाले, वाऱ्यानं उडून आलं असेल, तू जागरणं फार करतेस.

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर तिनं पाळण्यातलं दुपटं उलगडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

बाळाच्या मनगटात दृष्टीचा काळा दोरा असायचा. मनगट मोकळं होतं. दोरा पायांत होता. दोन्ही अंगठे एकमेकांना जोडून... बांधलेले.

मढ्याचे बांधतात तसे.

तिनं दातानं गाठ तोडली. आता तिला दुसरं कोण सुचणार? बाळाला हात लावणारी घरात दोनच माणसं, ती स्वतः आणि बायजा. उद्यापासून मी न्हाऊ घालीन, असं तिनं कोरडेपणानं सांगितलं.

बायजा म्हणाली, "निम्मं गाव माज्या पायावर न्हालंय, वैनी. घाला तुमी. मी दारात बसते. माज्याकडं पाठ करून घाला पायजे तर."

ती सकाळ उजाडली. स्वच्छ, थंड. न्हाणीघरात उन्हाचा पट्टा पडलेला. बायजा उंबऱ्याबाहेर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

द्वारका पाटावर बसली. पाय लांब केले. बाळाला पायांवर घेतलं. बाळ कापसासारखं हलकं लागलं. तिनं घंगाळ नळाखाली ओढलं आणि नळ उघडला.

गार पाणी आलं. जोरात. मग कढत. घंगाळ भरलं. तिनं हात घालून पाहिलं. बेताचं कोमट.

पण वाफ नव्हती. पौषातली सकाळ, कढत पाणी पडतंय, आणि वाफेचा धागासुद्धा नाही.

तिनं पहिला तांब्या घातला.

आवाज आला... दोन तांब्यांचा.

थांबली. बायजाकडे वळून पाहिलं. बायजा दोन्ही हात गुडघ्यांभोवती घालून होती तशीच होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, तिनंही ऐकलं.

द्वारकेनं दुसरा तांब्या हातात घेतला, पण घातला नाही.

तरी बाळाच्या डोक्यावरून पाणी वाहिलं.

तिची नजर घंगाळावर गेली. नळ अजून सुरू होता. तळाला गार साचलेलं, वरून कढत पडतंय. गारावर कढत... आणि कुठून कोण जाणे, पेणचं माहेरचं अंगण तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तिची आई गेली तेव्हा ती परकरातली पोर होती. अंगणात बायका जमल्या होत्या. आत्यानं घंगाळात आधी गार पाणी घेतलं आणि त्यात कढत ओतायला लागली. द्वारका पुढे झाली. लहानपणापासून बजावलेलं होतं, कढतात गार घालायचं, गारात कढत कधी नाही. आत्या चुकतेय असं वाटून तिनं तिचा हात धरला. आत्यानं तो हळूच सोडवला.

"आज असंच असतं, बाळ," आत्या म्हणाली होती. "गेलेल्या माणसाचं विसण उलटं."

हे तिला ठाऊक होतं. बायजाला ठाऊक होतं. त्या मुलखातल्या झाडून साऱ्या बायकांना ठाऊक होतं. पण हातानं करायचं काम नळ करू लागला, आणि नळाकडे त्या नजरेनं पाहिलं कोणी? घरात इतरांना काही झालं नाही, कारण आबाजी विहिरीवर न्हायचे आणि तिची अंघोळ बाळाच्या मागून असे. तोवर नळी तापलेली. तिला आधी कढतच यायचं.

पहिलं पाणी रोज एकट्या बाळाचं.

रोज सकाळी, लाडाकोडानं, त्या दोघींनी त्याला प्रेताची अंघोळ घातली होती.

आणि अंघोळ मांडलेली पाहून... कुणीतरी हाताखाली यायला लागलं होतं.

तिनं बाळाला उताणं केलं. डोळे अर्धे मिटलेले. पापण्यांवरचं पाणी डोळ्यांत उतरत होतं आणि पापणी लवत नव्हती. तिनं नाकाखाली बोट धरलं.

थांबली.

आणखी थांबली.

काही नाही.

ओल्या बाळाला छातीशी धरून ती स्वयंपाकघरात पळाली. चुलीवर भाताचं आधण उकळत होतं. तिनं हातानंच ते पातेलं उतरवलं, परातीत रिकामं केलं, आणि मग वरून हंड्यातलं गार पाणी ओतलं. आधी कढत. मग गार. बोटं भाजल्याचं तिला संध्याकाळी कळलं. तिथेच, चुलीपुढे, सोवळं-ओवळं न बघता, ती फतकल मारून बसली आणि ओंजळीओंजळीनं बाळाच्या अंगावर पाणी घालू लागली. बायजा तिच्या शेजारी येऊन बसली आणि बाळाची छाती चोळू लागली.

"रड रं," बायजा म्हणत होती. "रड रं माज्या राजा. एकडाव रड."

पाण्याची वाफ चढत होती. भरपूर. छपरापर्यंत.

आणि अच्युत रडला.

आधी कुंथल्यासारखा, मग असा की भांडी दणाणली. द्वारकेनं त्याला छातीशी कवटाळलं. ती हसत होती की रडत होती, ते बायजालाही सांगता आलं नसतं.

बाळ रडायचं थोडं थांबलं, तेव्हा दोघींनाही ऐकू आलं.

न्हाणीघरात अंघोळ चालूच होती.

एक तांब्या. थांबून दुसरा. सावकाश. बाळ तर इथे होतं, त्यांच्यामध्ये. मग तिथे कुणाला?

बऱ्याच वेळानं आवाज थांबला. बायजा उठली. देवाचं नाव घेत गेली, आणि दारातूनच तिनं द्वारकेला बोलावलं.

नळ बंद होता. द्वारकेनं तो बंद केला नव्हता. घंगाळ रिकामं. फरशी भिंतीपासून भिंतीपर्यंत ओली चिंब, पण मधोमध... एक लांबट भाग कोरडा ठणठणीत. डोकं, खांदे, जुळवलेले पाय. कुणीतरी आडवं पडलेलं असावं, वरून पाणी घालावं आणि मग त्याला उचलून न्यावं, तसा.

बायजानं डोळ्यांनीच मोजलं. तिचा जीव भांड्यात पडला.

"वैनी, ही लांबी बाळाची नाय."

नव्हतीच. बाळाच्या कितीतरी पट लांब होती. द्वारकेची नव्हती, ती ठेंगणी. बायजाची नव्हती. संध्याकाळी आबाजी आले, खुणेपाशी उभे राहिले. ते उंच, धिप्पाड. त्यांचीही नव्हती. घरात कुणाचीच नव्हती. द्वारकेनं बाळाला घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, कोणाचीही असो. ह्याची नाही ना.

आबाजी म्हणाले, फरशीचे दगड वेगवेगळ्या खाणींतले असतील, काही पाणी पितात. पण त्या रात्री ते बायकोच्या भाजलेल्या हाताला लोणी लावत बसले, आणि दुसऱ्या दिवशी काही न बोलता त्यांनी नळी कापली. बंब परत न्हाणीघरात आला. धूर झाला, बाळ खोकलं, रडलं. कढतात गार घालून बायजा रोज न्हाऊ घालू लागली. त्याचा रंग परतला. अंगठे बांधलेले पुन्हा कधी दिसले नाहीत.

तो कोरडा भाग मात्र दिसायचा.

रोज नाही. विसर पडावा इतक्या अंतरानं, मधूनच एखाद्या सकाळी. त्यांनी घर सोडलं, कर्जतला गेले. तिथल्या मोरीत दिसला. पुढे खालापूरला गेले. तिथे नळाचा पत्ताच नव्हता, पाणी विहिरीचं, फरशी वेगळी. तिथेही. द्वारकेला सवय झाली. सगळ्यांच्या आधी न्हाणीघरात जायचं आणि दिसलाच तर फडक्यानं सगळी फरशी ओली करून टाकायची. आबाजींना सांगणं तिनं सोडून दिलं होतं.

ती घाबरायची नाही. एका गोष्टीचा आधार होता. लांबी तीच होती. अंगठाभरसुद्धा फरक नाही. जी काय होती ती परक्या कुणाची तरी होती, एकदा ठरून गेलेली.

एवढं तिच्या मनात कधी आलं नाही, की ती खूण वाढत नसली तरी...

मुलगा वाढत होता.

अच्युतला मिसरूड फुटलं होतं तेव्हाची गोष्ट. पुन्हा थंडीचेच दिवस. तिनं त्याचं पाणी स्वतः काढलं होतं. एवढा मोठा झाला तरी काढायचीच. घंगाळात आधी कढत, मग गार. तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं आणि ती आत धावली. पाणी काढताना फरशीवर काही नव्हतं. ती परतायच्या आत न्हाणीघरात तो गेला.

"आई, गंमत बघ," त्यानं हाक मारली.

आवाजावरूनच तिला कळलं काय ते. ती पोचली तोवर तो वाकून फरशी न्याहाळत होता. सगळीकडे ओलं, मध्ये कोरडं.

"कुणी झोपून अंघोळ केली की काय गं?" तो हसत म्हणाला. आणि ती बोलायच्या आत, पोरवयाच्या खोडसाळपणानं, त्या कोरड्या भागावर उताणा आडवा झाला.

डोकं डोक्यावर. खांदे खांद्यांवर. टाचा नेमक्या टाचांवर.

"बघ," तो म्हणाला. "माप घेऊन केल्यासारखं."

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला. पाठ कोरडी होती. हसतच तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

आणि त्याच्या केसांतून... पाणी गळत होतं.

तिनं विचारलं, डोक्यावर पाणी घेतलंस का? तो म्हणाला, नाही गं, घंगाळाला अजून हातसुद्धा लावला नाही. मग त्यानंच केसांतून हात फिरवला, हाताकडे पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं.

द्वारकेनं त्याच्या कपाळावरून ओघळणारं पाणी बोटांवर घेतलं.

कोमट होतं. अंगाला सोसेल असं. कुणीतरी बेतानं विसणून आणलेलं.